ट्रिपल क्राउन हेवीवेट किताब

ऑल जपान प्रो-रेसलिंग या जपानी व्यावसायिक कुस्तीसंस्थेचा सर्वोच्च किताब. जपानी भाषेत त्याला ‘सानकान’, म्हणजे तीन मुकुट, म्हणतात. 18 एप्रिल 1989 रोजी टोकियोच्या ओता वॉर्ड जिम्नॅशियममध्ये जम्बो त्सुरुताने अमेरिकेच्या स्टॅन हॅन्सनला चीत करून तीन वेगवेगळे पट्टे एकत्र आणले, तेव्हापासून हा किताब धरला जातो. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो. त्यामुळे पट्टा कोणाकडे द्यायचा, किती दिवस ठेवायचा आणि कोणत्या प्रकारच्या पराभवाने काढून घ्यायचा, हे सगळे आयोजकाच्या हातात असते. सानकानचा इतिहास वाचताना हे विसरून चालत नाही.

तिन्ही पट्ट्यांचे कूळ निराळे. सर्वांत जुना इंटरनॅशनल. जपानी व्यावसायिक कुस्तीचा जनक मानला जाणारा रिकिदोझान याने 1958 मध्ये लॉस एंजेलिसला लू थेझला हरवून तो मिळवला. (हाच थेझ 1968 मध्ये मुंबईत दारासिंगकडून हरला.) 1963 च्या डिसेंबरात रिकिदोझान वारला, पट्टा 1965 मध्ये पुन्हा चालू झाला तो जायंट बाबाच्या कमरेवर. बाबाने 1972 मध्ये जुनी संस्था सोडून ऑल जपान काढली आणि पुढच्याच वर्षी परदेशी मल्लांशी दहा लढतींची मालिका खेळून पीडब्ल्यूएफ (पॅसिफिक रेसलिंग फेडरेशन) हा दुसरा किताब स्वतःसाठी उभा केला. तिसरा युनायटेड नॅशनल. तो 1971 मध्ये अंतोनिओ इनोकीने अमेरिकेतून जपानात आणला होता. 1976 मध्ये त्सुरुताने जॅक ब्रिस्कोला हरवल्यावर तो ऑल जपानमध्ये रुजला. इंटरनॅशनल पट्टाही 1981 मध्ये याच संस्थेत आला. म्हणजे एकाच संस्थेत तीन मोठे किताब, आणि खरा विजेता कोण याचे उत्तर कोणाकडेच नाही, अशी अवस्था झाली.

एकत्रीकरण सहजासहजी झाले नाही. 1988 च्या मार्चमध्ये गेनिचिरो तेन्र्यूकडे पीडब्ल्यूएफ आणि युनायटेड नॅशनल असे दोन पट्टे जमले, तर इंटरनॅशनल ब्रूझर ब्रोडीकडे गेला. एप्रिलमध्ये दोघे तिन्ही पट्ट्यांसाठी भिडले आणि दोघेही रिंगबाहेर मोजले गेले, म्हणजे पंचाची मोजणी संपेपर्यंत कोणीच रिंगमध्ये परतले नाही आणि लढत अनिर्णित राहिली. असा निकाल आयोजकाला सोयीचा असतो, कारण कोणताही बडा मल्ल हरल्याचे दाखवावे लागत नाही. प्रेक्षक मात्र तिकिटाचे पैसे देऊन रिकाम्या हाताने घरी जातो. पुढे पट्टे त्सुरुता आणि हॅन्सन यांच्याकडे गेले, पण त्यांच्यातही आधी निर्णय लागला नव्हता. म्हणून 1989 च्या त्या रात्री पाठ टेकणे महत्त्वाचे होते. यानंतर बाबाने रिंगबाहेरची मोजणी, अपात्रता असल्या पळवाटा जवळजवळ बंदच केल्या, आणि 1990 च्या दशकात या किताबाला जी किंमत आली ती प्रामुख्याने यामुळे.

किताबाच्या लढतीचा विधी ठरलेला असे. विजेता पट्टे संस्थेला परत करी, किताबांना मान्यता देणाऱ्या पीडब्ल्यूएफ या मंडळाचा अध्यक्ष लढत अधिकृत असल्याचे प्रमाणपत्र रिंगमध्ये वाचून दाखवी आणि मग घंटा होई. अनेक वर्षे हे काम लॉर्ड जेम्स ब्लेअर्स करत असे. वेळेची मर्यादा 60 मिनिटे. पाठ मॅटला टेकवून पंचाच्या तीन थापा पडेपर्यंत धरणे किंवा प्रतिस्पर्ध्याला शरण आणणे, हे जिंकण्याचे नेहमीचे मार्ग. बरोबरी झाली तर पट्टा जुन्या विजेत्याकडेच राहतो. 19 जानेवारी 1995 रोजी ओसाकात तोशिआकी कावादा आणि केन्ता कोबाशी पूर्ण 60 मिनिटे लढले आणि कावादाचा किताब तसाच वाचला.

22 ऑगस्ट 1992 रोजी मित्सुहारु मिसावाने हॅन्सनकडून किताब घेतला आणि 28 जुलै 1994 रोजी स्टीव्ह विल्यम्सकडून हरेपर्यंत, म्हणजे 705 दिवस, तो राखला. मिसावा, कावादा, कोबाशी आणि अकिरा ताउए या चौघांभोवतीच पुढची सहा-सात वर्षे फिरली. पण निर्णायक शेवट द्यायचा, आणि मागच्या वेळच्या डावाने आता कोणी चीत होत नाही असेही दाखवायचे, तर प्रत्येक लढतीत डाव आणखी धोकादायक करावा लागतो. मान आणि डोके यांवर पाडणे नेहमीचे झाले. 22 जानेवारी 1999 रोजी कावादाने मिसावाला हरवले, पण लढतीतच त्याच्या हाताचे हाड मोडले आणि जिंकलेला किताब लगेच सोडावा लागला. नऊ दिवसांनी जायंट बाबा वारला. रिकाम्या किताबासाठी मार्चमध्ये व्हेडरने ताउएला हरवले.

2000 च्या जूनमध्ये मिसावा बहुतेक सगळे मल्ल घेऊन बाहेर पडला आणि त्याने नोआ ही संस्था काढली. जपानी मल्लांपैकी कावादा आणि मासानोबू फुची एवढेच मागे राहिले. त्या वेळचा विजेता कोबाशीही गेल्याने किताब पुन्हा रिकामा झाला. बाबा जाऊनही संस्था टिकली ती दहा वर्षांपूर्वी तिला सोडून गेलेल्यांना परत बोलावून: ऑक्टोबरात तेन्र्यूने कावादाला हरवून पट्टे घेतले. 2001 मध्ये न्यू जपान या प्रतिस्पर्धी संस्थेचा केजी मुतो विजेता झाला, जे बाबाच्या काळात कल्पनेतही आले नसते. 2003 मध्ये शिन्या हाशिमोतोने खांद्याच्या दुखापतीमुळे किताब सोडला, त्यानंतर कावादाने तो मिळवून दहा वेळा राखला.

16 फेब्रुवारी 2005 रोजी सातोशी कोजिमाने कावादाला हरवले आणि चारच दिवसांत न्यू जपानचा आयडब्ल्यूजीपी किताबही हिरोयोशी तेन्झानकडून घेतला. ती लढत 59 मिनिटे 45 सेकंदांनी संपली. आणखी 15 सेकंद गेले असते तर बरोबरी झाली असती. दोन्ही संस्थांचे सर्वोच्च किताब एकाच वेळी धारण करणारा तो पहिला मल्ल.

एकत्र झाल्यावरही पट्टे प्रत्यक्षात तीनच होते. एक कमरेला, दोन खांद्यांवर, अशा थाटात विजेता छायाचित्रासाठी उभा राही. 2013 मध्ये हे मूळ पट्टे बाबाची पत्नी मोतोको हिच्याकडे परत गेले आणि तिघांचा मिळून एकच नवा पट्टा करण्यात आला. सोयीचे झाले, पण दृश्याची मजा गेली. केन्तो मियाहाराने 2018 ते 2020 या काळात किताब दहा वेळा राखून कावादाची बरोबरी केली. 23 मार्च 2020 रोजी सुवामाने त्याला थांबवले. 30 मार्च 2024 रोजी 24 वर्षांचा युमा आन्झाई काट्सुहिको नाकाजिमाला हरवून सर्वांत तरुण विजेता ठरला. ही लढत ओता वॉर्ड जिम्नॅशियममध्येच झाली.