बुडालेला धडा वेगळा, कच्चा पाया वेगळा

शाळाप्रवेशाच्या दिवसांत सोलापुरात हमखास ऐकू येतं, "शाळा घराजवळचीच घेऊ. कमी पडलं तर शिकवणी लावू." मी पूर्व भागात शिकवण्या घेते, म्हणजे याच वाक्यावर माझं घर चालतं. तरी सांगते, सगळंच शिकवणीनं भरून निघत नाही.

५२ वजा १७ घ्या. तिसरीतली दोन मुलं उत्तर लिहितात ४५: सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. पालकांच्या लेखी दोघंही 'गणितात कच्ची'. मी त्यांच्यापुढे काड्या ठेवते. मुलगा दहादहाचे पाच गठ्ठे मांडतो, दोन सुट्या ठेवतो. सतरा दे म्हटलं की जरा थांबतो, एक गठ्ठा सोडतो. उरतात ३५. ही वजाबाकी शिकवली तेव्हा तो कांजिण्यांमुळे घरी होता, एवढंच. हा बुडालेला धडा, आठवड्याभरात भरून निघतो.

मुलगी मात्र बावन्न काड्या एकेक मोजत बसते. ५२ मधला ५ म्हणजे पन्नास, हेच तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. तिच्याकडून गणितं घोकून घेतली तर चाचणीपुरते गुण मिळतात, पण भागाकार आला की पुन्हा सगळं अडतं.

आमच्या भागात तिसराच घोळ असतो. घरी तेलुगू बोलणारं मूल 'याभै रेंडु' म्हणतं, आधी पन्नास, मग दोन. 'बावन्न'मध्ये दोन आधी ऐकू येतो, मग ते २५ लिहितं. हे मूल कच्चं नव्हे! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढी चेष्टा झाली. मला ते पटलं होतं.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. त्या दिवसांत रोज तासभर शिकवणी धरली तरी ती त्याच्या पाव भरते, तीही दमलेल्या मुलांसोबत.

म्हणून शाळा बघायला गेलात तर इमारत नंतर बघा, आधी दुसरीच्या चार वह्या मागा. चारही वह्या एकसारख्या आणि बिनचूक असतील तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. चूक, त्यावर बाईंची खूण आणि खाली मुलानं स्वतः केलेली दुरुस्ती दिसली, तर माझ्याकडे यायची गरज बहुधा पडणार नाही.

वर्गशिक्षकच "संध्याकाळी माझ्याकडे पाठवा" म्हणाले, तर त्याच कायद्याचं कलम २८ आठवा: शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवण्या घ्यायला मनाई आहे.