घडीमागचा कोंब
मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा अस्तरावर उगवलेल्या एखाद्या कोंबापासून सुरू होतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. तो दुखत नाही. सगळेच पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांनाही साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्या अवधीत तो सापडला, की काढून टाकता येतो. म्हणून ठणठणीत माणसानेही तपासणी करायची.

ही तपासणी दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने होत आली. सीटी स्कॅनमधून आतडं कॉम्प्युटरवर उभं करायची कल्पना, म्हणजे व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी, क्ष-किरणतज्ज्ञ डेव्हिड व्हायनिंग यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत मांडली. ती दुर्बिणीच्या तोडीची आहे का, हे पेरी पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच तीन लष्करी रुग्णालयांत तपासलं. १,२३३ जणांच्या, कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या, एकाच दिवशी दोन्ही तपासण्या झाल्या.

आतडं साफ करणारं जुलाबाचं औषध दुर्बिणीसारखंच स्कॅनलाही चुकत नाही. त्यासोबत बेरियम आणि आयोडीन असलेली द्रावणं पाजतात, त्यामुळे आतड्यात उरलेला मळ स्कॅनमध्ये पांढरा उठून दिसतो. मग गुदद्वारातून हवा भरून आतडं फुगवतात आणि एकदा उताणं, एकदा पालथं झोपवून स्कॅन घेतात. कूस बदलली की मळाचा खडा घरंगळतो, पॉलिप जागचा हलत नाही.

मला सर्वांत भावते ती या अभ्यासाची रीत. दुर्बीण चालवणाऱ्याला स्कॅनचा निकाल आधी कळत नसे. आतड्याचा एक भाग पाहून झाला, की तेवढ्याच भागाचा निकाल त्याला सांगायचा. स्कॅनने पॉलिप दाखवला आणि याला दिसला नसेल, तर तिथेच परत शोधायचा. असे काही खरोखर सापडले, बरेचसे आतड्याच्या घडीमागे दडलेले. २००३ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले: कर्करोगाकडे झुकणारे १० मिलिमीटर किंवा मोठे पॉलिप असलेल्यांपैकी ९३.८ टक्के लोक स्कॅनने ओळखले, पहिल्या फेरीत दुर्बिणीने ८७.५ टक्के. ६ मिलिमीटरपासूनचे धरले तर दुर्बीण थोडी सरस ठरली.

स्कॅनला पॉलिप कापता येत नाही. मोठा दिसला की दुर्बीण आलीच. चपटे पॉलिप निसटतात, थोडा किरणोत्सर्गही होतो. शौचातून रक्त जात असेल तर स्कॅनच्या वाटेला न जाता थेट दुर्बिणीची तपासणी करावी.

अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून, दर पाच वर्षांनी, स्कॅनचा हा पर्याय मान्य आहे. तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, २००९ मध्ये त्याचा खर्च नाकारला होता. जानेवारी २०२५ पासून तो मिळू लागला. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांनी दुर्बिणीच्या धास्तीने तपासणी टाळली असेल, तर मुलांनी त्यांना हे आवर्जून सांगावं.