अँजिओग्राफीनंतरची मेरुरज्जूची इजा

रोहिण्यांत (धमन्यांत) आयोडीनयुक्त द्रव्य सोडून क्ष-किरण चित्रण केल्यावर काही मिनिटांत वा तासांत उद्भवणारा, क्वचित आढळणारा विकार. दोन्ही पाय लुळे पडतात, लघवी तुंबते, वेदना आणि गरम-थंड कळेनासे होते. सांध्यांची स्थिती व कंपन यांची जाणीव मात्र बहुधा टिकते. कारण रज्जूचा पुढचा सुमारे दोन-तृतीयांश भाग एकट्या अग्र मेरुरोहिणीवर पोसला जातो, तर मागच्या भागाला दोन वेगळ्या रोहिण्या असतात.

अग्र रोहिणीला खालच्या भागात येऊन मिळणारी मोठी शाखा पोलिश विकृतिशास्त्रज्ञ आडामकीएविच यांच्या नावाने ओळखली जाते. ती बहुतेकांत डावीकडून, नवव्या ते बाराव्या वक्षीय मणक्यांदरम्यान निघते. उजवीकडून किंवा कटिमणक्यापाशी निघाल्याचेही आढळते.

कारणाविषयी मतभेद आहेत. पोर्तुगीज शल्यचिकित्सक दुश सांतुश यांनी १९२९ मध्ये पाठीतून सुई घालून महारोहिणीचे (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीचे) चित्रण केले. या पद्धतीनंतर झालेल्या इजांचा दोष प्रथम द्रव्याच्या विषारीपणाला दिला गेला. उताण्या रुग्णात जड द्रव्य पाठीकडच्या शाखांत उतरते, हे त्या मताला पूरक आहे. स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञ सेल्डिंगर यांची कॅथेटर (बारीक नळी) पद्धत (१९५३) रूढ झाल्यावर दुसरे मत पुढे आले : नळीच्या घर्षणाने महारोहिणीतील कोलेस्टेरॉलचे कण सुटतात व बारीक शाखा बुजवतात. रोहिणीचे आकुंचन, तिच्या भित्तीची चीर आणि रक्तदाब घसरणे हीही कारणे दिली जातात. कमी तीव्रतेची, अनायनी (विद्युतभार नसलेली, म्हणून कमी विषारी) द्रव्ये आल्यानंतरही असे रुग्ण आढळत राहिले. त्यामुळे वृद्ध, कठीण झालेल्या महारोहिणीत कणांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

मराठवाड्यात हा विषय क्षयाशी जोडला जातो. जुन्या क्षयाने खोकल्यातून रक्त पडू लागल्यास श्वासनलिकेची रोहिणी बुजवतात. उजव्या बाजूच्या आंतरपर्शुक-श्वासनलिका खोडातून (बरगड्यांमधील व श्वासनलिकेच्या रोहिण्यांच्या सामाईक मुळातून) कधी रज्जूची शाखाही निघते. चित्रात केसाच्या पिनेसारखे वळण दिसले, तर तेथे रोहिणी बुजवणारे कण सोडत नाहीत. या उपचारासाठी धाराशिवचे रुग्ण सोलापूरला, नांदेडचे हैदराबादला जातात. जांघेत टोचल्यावर पाय तासन्‌तास सरळ ठेवायचा असल्याने ताकद गेल्याचे उशिरा ध्यानात येते. घरचे ‘वारं गेलं’ म्हणतात. टेबलावरून उतरवण्याआधी पायाची बोटे हलवून पाहणे हीच खरी तपासणी. एमआरआय सुरुवातीला निर्दोषही दिसू शकतो.

उपचारात रक्तदाब चढता ठेवतात, काही ठिकाणी कमरेतून मेरुद्रव काढतात. स्टेरॉइडांचा उपयोग सिद्ध नाही.