न फेकलेल्या पासचे मोजमाप

4 सप्टेंबर 2014 रोजी सिअ‍ॅटलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, नवा हंगाम सुरू झाला. ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) अ‍ॅरन रॉजर्स याने त्या सामन्यात 33 पास फेकले. सिअ‍ॅटल सीहॉक्सचा कॉर्नरबॅक (मैदानाच्या कडेचा बचावपटू) रिचर्ड शर्मन, जो आदल्या हंगामात 8 इंटरसेप्शन करून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पास मध्येच पकडून, लीगमध्ये पहिला आला होता, नेहमीप्रमाणे बचावाची डावी बाजू सांभाळत होता. त्याच्याकडे त्यांतला एकही पास आला नाही. सिअ‍ॅटलने सामना 36-16 असा जिंकला. आकडेवारीच्या तक्त्यात मात्र शर्मनच्या नावापुढे अडवलेले पास शून्य आणि पकडलेले पासही शून्यच राहिले.

बचाव करणाऱ्या खेळाडूचे मोल ठरवण्यातली खरी अडचण या एका सामन्यात दिसते. क्रिकेटमध्ये पॉइंटला चपळ क्षेत्ररक्षक उभा असला की फलंदाज तिकडे चेंडू ढकलून एकेरी धाव घेण्याचे टाळतात, आणि ती न निघालेली धाव कोणत्याही धावफलकावर लिहिली जात नाही. कॉर्नरबॅकच्या बाबतीत ही अपवादाची गोष्ट नाही, त्याच्या कामाचा गाभाच तो आहे. मैदानाच्या कडेला उभे राहून प्रतिस्पर्धी रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूला, चेंडू मिळू न देणे ही त्याची जबाबदारी असते. रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे आधीपासून माहीत असते; कॉर्नरबॅकला ते उलट पावली धावत, समोरच्याच्या कमरेकडे पाहत ओळखावे लागते. चेंडू सहसा अडीच-तीन सेकंदांत क्वार्टरबॅकच्या हातातून सुटतो. 1978 पासूनच्या नियमांमुळे सुरुवातीच्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का देऊन रोखण्याचीही मुभा उरलेली नाही.

प्रेक्षकांच्या लक्षात राहते ते इंटरसेप्शन. पण ओकलंड रेडर्सच्या नामदी असोमुआने 2006 मध्ये 8 इंटरसेप्शन केले आणि पुढच्या तीन हंगामांत प्रत्येकी एकच. त्याचा खेळ घसरला नव्हता. त्याच्या दिशेने चेंडू फेकणे क्वार्टरबॅकांनी जवळजवळ सोडून दिले होते. उलट बाजूचे उदाहरण डॅलस काउबॉइजच्या ट्रेव्हॉन डिग्जचे. 2021 मध्ये त्याने 11 इंटरसेप्शन केले आणि त्याच हंगामात त्याच्यासमोरच्या रिसीव्हरांनी पास झेलून पुढे सरकत मिळवलेले यार्डही लीगमधल्या सर्वांत मोठ्या आकड्यांत मोडत होते. पुढच्या वर्षी त्याचे इंटरसेप्शन 3 वर आले.

यात नशिबाचा वाटा किती असतो, हे साध्या गणिताने पाहता येते. समजा, एका कॉर्नरबॅककडे हंगामात 90 पास आले आणि प्रत्येक पास पकडण्याची त्याची शक्यता 3 टक्के आहे. सरासरीने त्याला 2.7 इंटरसेप्शन मिळायला हवेत. प्रत्यक्षात अगदी तेवढ्याच कौशल्याच्या शंभर खेळाडूंपैकी सहा जणांना एकही मिळणार नाही, आणि पाच-सहा जणांना सहा किंवा अधिक मिळतील. लीगमध्ये 32 संघ आहेत आणि प्रत्येकाचे दोन प्रमुख कॉर्नरबॅक धरले तर 64 होतात. ते सगळे तंतोतंत सारखे असते, तरीही दरवर्षी तीन-चार जण केवळ योगायोगाने ‘स्टार’ ठरले असते. पूर्ण झालेल्या, म्हणजे रिसीव्हरने पकडलेल्या, पासांच्या टक्केवारीचेही असेच आहे. ज्याची खरी पातळी 60 टक्के आहे, त्याचा 90 पासांवर काढलेला आकडा पाच टक्क्यांनी इकडे किंवा तिकडे सहज सरकतो, आणि करारातली रक्कम अनेकदा तेवढ्याच फरकावर हलते.

म्हणून अभ्यासकांनी दुसरी मोजमापे पुढे आणली. त्यांतले सर्वांत प्रचलित म्हणजे कॉर्नरबॅककडे फेकलेल्या पासांवर क्वार्टरबॅकला मिळालेले ‘पासर रेटिंग’, म्हणजे त्याचे पास किती यशस्वी ठरले हे एका आकड्यात सांगणारे गुण; ते जितके कमी, तितका कॉर्नरबॅक चांगला. ही श्रेणी 0 ते 158.3 अशी असते आणि प्रत्येक पास नुसता जमिनीवर आपटला तरी 39.6 गुण मिळतात, त्यामुळे 39.6 च्या खाली रेटिंग ठेवणाऱ्या कॉर्नरबॅकबद्दल कौतुकाने बोलले जाते. पण रेटिंग त्याहून खाली नेण्यासाठी इंटरसेप्शन लागतात, म्हणजे नशीब मागच्या दाराने पुन्हा आत येते. शिवाय हे मोजमाप फक्त फेकलेल्या पासांचा हिशेब ठेवते, आणि माझ्या मते त्याचा मोठा दोष हाच आहे.

एक काल्पनिक तुलना करू. दोन कॉर्नरबॅक प्रत्येकी 500 पासिंग डावांत (पास फेकण्यासाठी रचलेली एकेक चाल म्हणजे एक डाव) बचाव करतात. पहिल्याकडे 50 पास येतात आणि तो 400 यार्ड देतो. दुसऱ्याकडे 100 पास येतात आणि तो 700 यार्ड देतो. दर पासामागे पाहिले तर दुसरा सरस ठरतो: त्याचे 7 यार्ड, तर पहिल्याचे 8. दर डावामागे पाहिले की चित्र उलटते: पहिला 0.8, दुसरा 1.4. क्वार्टरबॅक पास कुठेही डोळे मिटून फेकत नाही, मोकळा रिसीव्हर शोधून फेकतो. त्यामुळे पास किती वेळा आला हीच मुळात माहिती आहे. भाजक बदलला की ती माहिती हिशेबात येते.

अर्थात एवढ्याने प्रश्न सुटत नाही. आक्रमक बचावपटूंनी क्वार्टरबॅकला दोन सेकंदांत गाठले, तर मागचा कॉर्नरबॅक आपोआप चांगला दिसतो. मॅन कव्हरेजमध्ये प्रत्येक बचावपटूकडे एक ठरावीक रिसीव्हर असतो, त्यामुळे कोण कोणाला जबाबदार हे स्पष्ट असते. झोन कव्हरेजमध्ये प्रत्येकाकडे मैदानाचा एक भाग असतो आणि दोन भागांच्या सीमेवर पकडलेला पास कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे संघाची योजना ठाऊक नसलेल्या निरीक्षकाला अंदाजानेच ठरवावे लागते. त्यामुळे एकाच खेळाडूने दिलेल्या यार्डांचे वेगवेगळ्या संस्थांचे आकडे जुळत नाहीत. समोर कोण होता, हेही पाहावे लागते. 2009 मध्ये न्यूयॉर्क जेट्सचा डॅरेल रेव्हिस दर सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम रिसीव्हरच्या मागे मैदानभर फिरत होता आणि रँडी मॉससारख्याला त्याने एका सामन्यात 24 यार्डांवर रोखले होते. त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार 9 इंटरसेप्शन करणाऱ्या चार्ल्स वुडसनला मिळाला. वुडसन थोर खेळाडू होता यात शंका नाही, तरी त्या हंगामातले अधिक अवघड काम रेव्हिसने केले, असे मला वाटते.

टीव्हीवर हे काम दिसतच नाही, कारण डाव सुरू होताच कॅमेरा चेंडूवर जातो आणि कॉर्नरबॅक चौकटीबाहेर राहतो. बावीसही खेळाडू दाखवणारे उंचावरचे चित्रण लीगने 2012 मध्ये सामान्य चाहत्यांना उपलब्ध करून दिले. त्यानंतर खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिप आल्या, ज्या प्रत्येकाचे मैदानावरचे स्थान सेकंदाला दहा वेळा नोंदवतात. अडीच सेकंदांच्या एका डावात पंचवीस क्षण टिपले जातात आणि प्रत्येक क्षणी रिसीव्हर व कॉर्नरबॅक यांच्यातले अंतर, वेग आणि दिशा कळते. यातून ‘या क्षणी याच्याकडे चेंडू फेकला असता, तर तो पकडला जाण्याची शक्यता किती होती’ असा अंदाज प्रत्येक रिसीव्हरसाठी बांधता येतो, मग पास फेकलेला असो वा नसो. लीगने ‘बिग डेटा बोल’ या खुल्या स्पर्धेत 2021 साली पासविरुद्धचा बचाव हाच विषय दिला, तेव्हा अनेकांनी याच दिशेने प्रारूपे मांडली.

पण चिप खांद्यावर असते, आणि कॉर्नरबॅकची चूक सहसा कमरेत सुरू होते. रिसीव्हरने आत वळण्याचा आभास निर्माण केला, कॉर्नरबॅकने अर्धा क्षण आधी कंबर तिकडे फिरवली, की बाहेरच्या बाजूला दोन यार्ड मोकळे होतात. चिपला ते दोन यार्ड दिसतात. ती कंबर का फिरली, हे पाहण्यासाठी प्रशिक्षक अजूनही चित्रफीत थांबवून, एकेक चौकट मागे नेतात.