सातारची हिवाळी भटकंती
कार्तिक सरत आला की सातारा शहरात आणि आसपास सुरू होणारी फिरण्याची, यात्रांची आणि शेतावर बसून खाण्याची रीत. माघ संपेपर्यंत ती चालते. बाहेरगावच्या माणसाला सातारा ठाऊक असतो तो पावसाळ्यातला : ठोसेघरचा धबधबा, आणि २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातले कास पठार. थंडी पडते तेव्हा ठोसेघरची धार बारीक झालेली असते, कासचे गवत वाळलेले असते आणि यवतेश्वर घाटातली गाड्यांची रांगही ओसरलेली असते. सातारकर खऱ्या अर्थाने घराबाहेर पडतो तो यानंतर.

इथली थंडी पहाटेची. निरभ्र आकाशाखाली दिवसभर तापलेली जमीन रात्रीत निवते. सूर्योदयाच्या सुमारास पारा १०–१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा ३०च्या आसपास जातो. साहजिकच, सकाळी सातला अंगात असलेला स्वेटर अकराला कमरेला बांधलेला दिसतो. जड, गार हवा रात्री कृष्णा-वेण्णेच्या खोऱ्यात उतरून साचते. त्यामुळे संगम माहुलीची देवळे धुक्यात बुडालेली असताना अजिंक्यताऱ्यावर मात्र लख्ख ऊन असते. गावाच्या डोक्यावरच असलेल्या या किल्ल्यावर रोज पहाटे चढून जाणारे, मंगळाई देवीला हात जोडून उतरणारे कानटोपीवाले शेकड्यांनी आहेत. वरून सज्जनगड, जरंडेश्वर, चंदन-वंदन असे डोंगर ओळखत बसायचे, हा त्यांचा विरंगुळा. संध्याकाळी हीच मंडळी ‘चार भिंती’ या हुतात्मा स्मारकाकडे वळतात.

वेण्णा जिथून येते त्या महाबळेश्वरला डिसेंबर-जानेवारीत ‘बर्फ पडल्या’च्या बातम्या दरवर्षी येतात. तो हिमवर्षाव नव्हे. वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी गार होते आणि गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर साठलेले दव गोठते. उजाडल्यावर थोड्याच वेळात ते विरघळते, म्हणून पाहायचे असेल तर अंथरूण अंधारातच सोडावे लागते. स्ट्रॉबेरीचा हंगामही हाच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या दिवसांतली सर्वांत मोलाची सहल मात्र वासोटा किल्ल्याची. पावसाळ्यात बंद असलेली ही वाट थंडीत चालू असते. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथे वनखात्याची परवानगी आणि मग कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तासा-दीड तासाचा बोटीचा प्रवास. पुढची चढण कोयना अभयारण्याच्या दाट रानातून जाते. हे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गडावर मुक्कामाला मनाई असल्याने संध्याकाळच्या आत परत बोटीत बसावेच लागते. दुसऱ्या बाजीरावाने सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांना कुटुंबासह काही काळ याच गडावर ठेवले होते. बाबू कड्याच्या टोकाशी उभे राहिले की गडाची ही निवड का झाली ते वेगळे सांगावे लागत नाही.

पूर्वेकडचे माण-खटाव तालुके दुष्काळी, पण हिवाळ्यात तिथे वर्दळ वाढते. मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर रोहित पक्षी उतरतात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. पुढे पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथावर भाविक नोटांच्या माळा चढवतात आणि तिथला बैलबाजार पाहायला नोकरदारही रजा काढतात. पौषात कराडजवळच्या पालीला खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. माघ वद्य नवमीला सज्जनगडावर दासनवमी असते. समर्थ रामदासांचे निर्वाण शके १६०३ मध्ये याच तिथीला झाले.

खाण्याचा मान हुरड्याचा. ज्वारीची कोवळी कणसे आगटीतल्या निखाऱ्यांवर भाजायची, हातावर चोळून दाणे काढायचे आणि लसणाची चटणी, दही, गूळ यांच्याबरोबर गरम असतानाच तोंडात टाकायचे. सुरती आणि गूळभेंडी हे नावाजलेले वाण. तिकीट लावून, गाद्या-लोड टाकून होणाऱ्या हुरडा पार्ट्या आता वाढल्या आहेत; तिथे कणसे चोळायला माणसे ठेवलेली असतात आणि निम्मी मजा तिथेच जाते. कृष्णाकाठी याच सुमारास गुऱ्हाळे पेटलेली असतात. ओळखीच्या गुऱ्हाळावर रसाला आणि काहिलीतल्या गरम गुळाला पैसे विचारत नाहीत, काकवीची बाटली मात्र घरून न्यावी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी होते. त्यानंतर हुरड्याचे थोडेच दिवस उरतात, कारण कणसातला दाणा टणक होऊ लागतो आणि ज्वारी काढणीला येते.