सीमाभागातील प्राथमिक शाळांतील आहारशिक्षण

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या मराठीभाषक पट्ट्यात, म्हणजे खानापूर, बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी या तालुक्यांत, प्राथमिक शाळेतील मुलांना काय आणि कसे खावे याचे मिळणारे शिक्षण. शिक्षण खात्याने जिल्ह्याचे बेळगाव व चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे केले आहेत; मराठी शाळा दोन्हींत आहेत. या विषयाला वेगळा तास नाही. परिसर अध्ययन आणि विज्ञानातील काही पाठ तेवढे आहेत. जीवनसत्त्वांचा तक्ता मुलांना पाठ असतो, पण खाण्याची सवय लागते ती दुपारच्या पंगतीत.

ही पंगत म्हणजे राज्याची शालेय माध्यान्ह भोजनाची ‘अक्षर दासोह’ योजना. मराठी शाळांतही तिला सरसकट ‘बिसियूट’ (कन्नडमध्ये गरम जेवण) म्हणतात. शाळेत शिजवलेले जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी दिला. त्यानंतर कर्नाटकाने 2002 मध्ये राज्याच्या ईशान्येकडील जिल्ह्यांत योजना सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती इतरत्र नेली. पाचवीपर्यंतच्या मुलाला एका जेवणात 450 किलोकॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, सहावीपासून 700 किलोकॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. धान्य, डाळ, तेल मोजून येते. भाजीचे मात्र सगळे वाढणारीच्या हातावर आणि खाणाऱ्याच्या मर्जीवर. सांबारातला दुधी, गाजर, कढीपत्ता मुले ताटाच्या कडेला नीट रांगेने लावून ठेवतात. म्हणून अनुभवी स्वयंपाकीण गाजर किसून घालते आणि पालेभाजी डाळीबरोबरच शिजवून घोटते. पाठ्यपुस्तकात न सापडणारी ही युक्ती अनेक तक्त्यांपेक्षा उपयोगी आहे.

ऑगस्ट 2013 पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेत भुकटीचे 150 मिलिलिटर दूध मिळू लागले. सुरुवातीला ते आठवड्यातून तीन दिवस होते, नंतर पाच दिवस झाले. 2024 पासून आठवड्यातले काही दिवस त्यात नाचणी माल्ट मिसळले जाते. अंड्याची कथा थोडी वेगळी. डिसेंबर 2021 मध्ये काही जिल्ह्यांत अंडी सुरू होताच राज्यातील काही मठांनी विरोध केला. लिंगायत आणि जैन वस्ती मोठी असलेल्या बेळगाव जिल्ह्यात हा प्रश्न नाजूकच होता. अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा शेंगदाणा चिक्की असा पर्याय ठेवून पुढे योजना राज्यभर लागू झाली. एका पंगतीत एकाच्या ताटात अंडे, शेजारच्याच्या ताटात केळे आणि त्यावरून कुणी कुणाला चिडवायचे नाही, हेही आहारशिक्षणच.

घरचे खाणे तालुक्यागणिक बदलते. खानापूरच्या घाटपट्ट्यात भात, नाचणी, उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, फणस. बेळगाव तालुक्यात रताळी भरपूर. पूर्वेला अथणीकडे ज्वारीची भाकरी, हुलगे, शेंगदाण्याची चटणी. नाचणीचे पीठ रात्री भिजवून सकाळी शिजवायचे, निवल्यावर ताक, मीठ आणि ठेचलेली लसूण घालायची, की झाली आंबील. कॅल्शियमसाठी याहून स्वस्त काही नाही. तरी बऱ्याच घरांत मुलांची न्याहारी चहा-खारी किंवा चहा-बिस्किट एवढीच असते. आजी आंबील पिते आणि नातू चहा पितो, हा उलटा क्रम शाळेने सुधारण्यासारखा आहे. नाचणी माल्ट शाळेत आवडीने पिणारे मूल घरच्या आंबिलीला नाक मुरडते, तेव्हा दोन्ही एकाच धान्याचे आहेत हे त्याला सांगायला हवे.

चहाचा संबंध रक्तक्षयाशीही आहे. लोह-फॉलिक आम्लाची गोळी आठवड्यातून एकदा, जेवल्यानंतर देतात. लहानांना गुलाबी, दहा वर्षांपुढच्यांना निळी. गोळीच्या किंवा जेवणाच्या आगेमागे चहा घेतला तर लोह कमी शोषले जाते. लिंबू, आवळा किंवा पेरू खाल्ला तर जास्त. रक्तक्षयाचे दुसरे कारण जंत. त्यासाठी शाळांत अल्बेंडाझोल देतात आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावतात. नळाशी रांग लांबली की साबण वगळला जातो, हे कोणत्याही शाळेत पाहायला मिळते.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2020 चे विनियम सांगतात. खेड्यात शाळेसमोरचे घर हेच किराणा दुकान असते. पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट तिथेच मिळते आणि दुकानदार बहुधा कुणा विद्यार्थ्याचा काका असतो. अशा ठिकाणी शाळा विकास व देखरेख समितीने, म्हणजे एसडीएमसीने, घेतलेली पालकसभा नियमापेक्षा जास्त कामी येते. सभेत दुकानदारालाही बोलवावे. फुटाणे, शेंगदाणे, चिक्की त्यालाही विकता येतात.

या सगळ्यातून निसटतात ती ऊसतोडणी मजुरांची मुले. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आणि उत्तर कर्नाटकातून टोळ्या येतात. मुले फडाजवळच्या खोपीत राहतात. शाळा सुटते, तसे दुपारचे जेवण, दूध आणि गोळीही सुटते. जवळच्या शाळेने हंगामापुरते त्यांना पटावर घेतले, तर निदान पंगतीत जागा मिळते.