प्रोटेक्शन व्हिसा ट्रिब्युनलनेही नाकारला? ऑस्ट्रेलियात कोर्टात जाण्याआधी हे वाचा

सगळ्यात आधी निकालपत्रावरची तारीख बघा. प्रोटेक्शन व्हिसा म्हणजे मायदेशी परतल्यास धोका असलेल्यांसाठीचा व्हिसा. तो नाकारल्याचा निर्णय पुन्हा तपासणाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलनेही नकार दिला की फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टाच्या डिव्हिजन २ मध्ये दाद मागायला ३५ दिवस मिळतात. ते निकालाच्या तारखेपासून मोजायचे, पत्र हातात पडल्यापासून नाही. ट्रिब्युनलकडे जाताना २८ दिवस मोजले होते ते व्हिसा देणाऱ्या होम अफेअर्स विभागाने नकार कळवल्यापासून. लोक तोच हिशेब पुढे चालवतात आणि फसतात. घाबरलेल्या माणसाला एकाच प्रकरणात दोन वेगळे हिशेब लावायला सांगणं अन्यायाचं आहे, पण नियम तसाच आहे. शनिवार-रविवारही धरा. निकाल तोंडी दिला असेल तर दिवस तिथूनच सुरू.

उशीर झालाच तर मुदतवाढ त्याच अर्जात लेखी मागायची आणि उशिराचं कारण ॲफिडेव्हिटमध्ये तारखांसह द्यायचं. ती नाकारली गेली तर त्यावर नेहमीचं अपील करता येत नाही. आणि ट्रिब्युनलकडे गेलाच नसाल, तर विभागाच्या मूळ नकारावर थेट या कोर्टात जाता येत नाही.

अर्ज खरा अडतो तो कारणांच्या रकान्यात. ‘परत गेलो तर जिवाला धोका आहे’ असं लिहिलेले अर्ज मी सतत बघतो. ते अगदी खरं असेल, पण कोर्ट धोका आहे की नाही हे ठरवत नाही आणि व्हिसाही देत नाही. ट्रिब्युनलने निर्णय घेताना कायद्याची गंभीर चूक केली का, एवढंच ते तपासतं. समजा, तुम्ही जबाबात सासरच्यांकडून आणि पोलिसांकडून, दोन्हीकडून धमक्या आल्याचं सांगितलं होतं आणि निकालात पोलिसांबद्दल अवाक्षर नाही. मग निकालातले परिच्छेद क्रमांक देऊन नेमकं तेच लिहा. दुभाष्याने चुकीचं सांगितलं असेल तर सुनावणीचं रेकॉर्डिंग लगेच मागवा. नुसत्या तक्रारीवर काही होत नाही. नवीन पुरावे इथे सहसा चालत नाहीत.

बाकी कागद सोपे: अर्ज, निकालाची प्रत जोडलेलं ॲफिडेव्हिट, फी. ॲफिडेव्हिटवर सही जस्टिस ऑफ द पीससमोर, म्हणजे सह्या साक्षांकित करायचा अधिकार असलेल्या व्यक्तीसमोर करा; बऱ्याच वाचनालयांत ते फुकट बसतात. पैशांची ओढाताण असेल तर फी कमी करून मागता येते. नाव उघड होईल म्हणून मागे फिरू नका, प्रोटेक्शनच्या प्रकरणात कोर्ट नाव छापत नाही, अक्षरं आणि आकडे वापरतं.

ब्रिजिंग व्हिसाकडे, म्हणजे निर्णय होईपर्यंत इथे राहू देणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाकडे, मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ट्रिब्युनलच्या निकालानंतर तो साधारण ३५ दिवसांत संपतो आणि कोर्टात अर्ज केला म्हणून आपोआप वाढत नाही. जुना चालू आहे तोवरच कोर्टात दाखल झालेल्या अर्जाची प्रत जोडून होम अफेअर्सकडे नवीन मागा. कामाची परवानगी आहे का, हेही त्यावर वाचा.

‘केस टाक, दोन-तीन वर्षं निघतील’ असं सांगणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. मायग्रेशन एजंट कोर्टात तुमची बाजू मांडू शकत नाही, ते काम वकिलाचं. आणि केस जिंकण्याजोगी आहे असं वकिलाला लेखी द्यावं लागतं. हरलात तर सरकारचा खर्चही बहुधा तुमच्या माथी येतो. जिंकलात तर प्रकरण पुन्हा ट्रिब्युनलकडे जातं. हरल्यावर फेडरल कोर्टात अपिलाला २८ दिवस असतात, तेही कोर्टाच्या निकालापासून.